मुलगा कुठे असतो?

आमच्या लोकांत लग्नाच्या मुलाबद्दल पहिला प्रश्न "काय करतो?" असा नसे, "कुठे असतो?" असा असे. उत्तर चेन्नई आलं तर विचारणारा मान हलवी. बेंगळूर आलं तर पाहुण्याला पंख्याखालची जागा मिळे. आणि मुंबई किंवा पुणे आलं तर कॉफी दुसऱ्यांदा येई, तीही पहिल्या, दाट डिकॉक्शनची. "कुंभकोणातच असतो" हे सांगताना मात्र बापाचा आवाज असा खाली जाई, जणू मुलगा नुकताच मोठ्या दुखण्यातून उठला आहे आणि अजून त्याला बाहेर सोडत नाहीत. मुलगा तिकडे जाऊन नेमकं काय करतो, त्याच्या हाताखाली कोण आहे, तो कुणाच्या हाताखाली आहे, जेवतो काय, हे कुणी विचारत नसे. गावाचं नाव हीच नोकरी आणि गावाचं नाव हाच पगार.

आमचे लोक म्हणजे तंजावरकडचे मराठी. राज्याबरोबर कधी काळी इकडे आलो. राज्य गेलं, आम्ही राहिलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. महाराष्ट्रातून कुणी आलं की आमचं बोलणं ऐकून आधी हसतं आणि मग अडगळीतली जुनी भांडी पाहावीत तसं कौतुक करतं. या प्रकरणातली बोलणी मी होती तशीच ठेवली आहेत, फार अडेल तिथेच सरळ केली आहेत. बाकीचं मी पुस्तकांतून शिकलेल्या मराठीत लिहिते आहे.

आम्ही तेव्हा कुंभकोणात, शारंगपाणीच्या देवळामागच्या एका गल्लीत राहत होतो. अप्पा एका शाळेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, आई, माझा मोठा भाऊ रघुनाथ, ज्याला मी अण्णा म्हणते, आणि मी. घर लांबोळकं, पुढच्या दारातून मागची विहीर दिसेल असं. सकाळी आधी फिल्टरवर चमचा आपटल्याचा आवाज, मग पाटा-वरवंट्याचा, आणि मग तिरुविडैमरुदूरच्या रस्त्यावरच्या गिरणीची शिट्टी. ती उकड्या तांदळाची गिरणी. भात हौदात भिजवायचं, पाणी सोडून द्यायचं, बॉयलरची वाफ द्यायची, मग सिमेंटच्या खळ्यावर पसरून वाळवायचं. डिप्लोमा करून अण्णा तिथे फोरमन झाला होता. भात किती भिजलं, वाफ कधी बंद करायची, खळ्यावर कधी पालटायचं, हे सगळं तो ठरवी आणि खळ्यावरच्या बायकांपासून लॉरीच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे त्याला "फोरमन सार" म्हणत. शिट्टीही तोच देई. आईचा स्वयंपाक त्या शिट्टीवर चाले. दुपारची शिट्टी झाली की सुंठीची कढी चुलीवरून उतरे, कारण तेवढ्यात अण्णा सायकलवरून घरी पोचणार हे ठरलेलं. पगाराच्या दिवशी तो आईला मल्लिगैची, म्हणजे मोगऱ्याची, भलीमोठी माळ आणि आम्हाला गरम हलवा आणी, आणि केळीच्या पानावरचा तो तूप सुटलेला हलवा खाताना आमच्याहून श्रीमंत कुणी आहे असं आम्हाला वाटत नसे. पगार किती होता ते सांगण्यात अर्थ नाही. पुरत होता, आणि गल्लीत तो सगळ्यांत मोठा होता. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची असते हे मला पुढे कळलं.

या घरात वर्षातून एकदा व्यंकटराव मामा येत. मामा पुण्याला एका कंपनीत "ऑफिसात" होते. ऑफिसात म्हणजे काय, हे विचारणं उद्धटपणा झाला असता. कंपनीचं नाव छापलेली एक रेक्झिनची बॅग त्यांच्या हातात असे, आणि ती खुंटीवर टांगताना नाव दर्शनी बाजूला येईल अशी टांगली जाई. आल्या आल्या "काय हे उकडणं!" असं म्हणून ते शर्ट काढत, जणू त्यांचा जन्म हिमालयात झाला होता. आईने केलेली दह्यातली डांगर पच्चडी ते वाडग्यात तीनदा घेत आणि हात धुताना म्हणत, "तेकडे आम्ही इतकं आंबट खात नाहीं." सगळ्या वाक्यांची सुरुवात "तेकडे" अशी. तेकडे रस्ते रुंद, तेकडे पाणी गोड, तेकडे माणसाला किंमत. बिऱ्हाड मात्र तेकडे कसं आहे हे पाहायला त्यांनी आम्हाला कधी बोलावलं नाही.

मामांचा आवडता सिद्धांत असा, की इतरांनी चेन्नईला जावं, बेंगळूरला जावं. आपल्या लोकांनी पुण्यालाच जावं. "आपलं मूळ तेकडे अहे. आपली भाषा तेकडे अहे. तमिळ पोराला तेकडे कोण विचारतो? आपल्या पोराला घरचा म्हणून घेतील." हे ऐकताना अप्पांची छाती फुगे. ज्या गावात आमच्या ओळखीचा एकही माणूस नव्हता, जिथे आमच्या कुठल्या पिढीने शेवटचं पाऊल ठेवलं हे कुणाला सांगता येत नव्हतं, ते गाव एकाएकी आमचं घर झालं. चेन्नईत अण्णाच्या ओळखी होत्या. तिथल्या एका मोठ्या गिरणीने त्याला फोरमन म्हणूनच बोलावलंही होतं. तिथे तो ज्या भाषेत बॉयलरवाल्यांना शिव्या देत होता त्याच भाषेत देऊ शकला असता. पण चेन्नई काय, शेजारच्या गल्लीतला कुणीही जातो. आणि पुन्हा भातच. ही चूक करायला तंजावरचे मराठीच पाहिजेत. पूर्वज म्हणे घोड्यावरून आले. वंशज स्लीपरच्या डब्यातून परत निघाला.

"मज हेकडेच बरं अहे," अण्णा म्हणाला होता. एकदाच.

"भाताला वाफ देणं ही काय नोकरी?" अप्पा म्हणाले. "मामा ऑफिसात अहे. तुज कंपनीत घालतो म्हणतो. कंपनी रे! तुज कळतं की?"

अण्णाने गिरणी सोडली. गल्लीने त्याला हार घातला. पुढे काही महिन्यांनी एक फोटो आला. अण्णा एका चकचकीत मशीनजवळ उभा, पायात बूट, हातात कागद अडकवलेली पाटी. अप्पांनी तो मोठा करून देवघराच्या शेजारच्या भिंतीवर लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तो फोटो दाखवत आणि म्हणत, "इंजिनीअर." डिप्लोमाचा इंजिनीअर झाला तो भिंतीवरच. इकडे शिट्टी केव्हाही वाजायला लागली. आई चिडून म्हणे, "नवा मनुष्य काय झोपून देतो की?" आणि कढी आटून जाई.

फोटोला जागा मिळाली तशी स्थळंही यायला लागली. तिरुविडैमरुदूरच्या गोपाळरावांनी आपल्या पद्मासाठी विचारणा केली. थोडी शेती, बरंचसं घराणं, असे गृहस्थ. मुलाला आणि घराला पाहायला ते स्वतः येणार ठरलं, आणि अण्णा रजा काढून आला. मध्यस्थ म्हणून मामाही बॅगेसकट हजर झाले.

अण्णा वाळला होता. बूट होते, पण चालणं गेलं होतं. पूर्वी तो खळ्यावरून चालावं तसा सगळीकडे चाले, ढांगा टाकून. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं कॉफीची पूड दळून आणायला पेठेत गेलो. चक्कीतून पूड पडत होती, वासाने डोळे मिटत होते, आणि त्या गरगराटात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, तो मला म्हणाला, "मी तेकडे हेल्पर अहे."

"मामा म्हणाला की—"

"मामा स्टोअरात हातमोजे वाटतो. तेंच तेचं ऑफीस." तो हसला. "मशीनच्या पुढं पिवळी रेघ अहे. मी ती ओलांडायची नाहीं. रेघेच्या ह्याकडे उभं राहून वस्तू द्यायची. फोटोतली पाटी सुपरवायजरची. एक मिनिट मागून घेतली."

"आणि आपली भाषा?"

"पहिल्या दिवशी बोललों तर सगळी मंडळी जमली. पुन्हा बोल म्हणाली. नाटकांत बोलतात तसं बोलतोस म्हणाली. अत्तां मद्रासी म्हणतात." पूडवाल्याने पुडी बांधली. अण्णाने ती नाकाशी धरली. "पगार गिरणीपेक्षा जास्त अहे, कमला. खरंच अहे. पण हेकडे मी गल्लींत सगळ्यांत जास्त मिळवीत होतों. तेकडे खोलींतल्या मंडळींत सुद्धा सगळ्यांत कमी. पगाराच्या दिवशीं मी खोलीवर जात नाहीं, उगेच बाहेर फिरतों."

मी विचारलं, मग परत ये ना. तो म्हणाला, अप्पांना आधी भिंतीवरचा फोटो काढावा लागेल.

दुसऱ्या दिवशी गोपाळराव जेवायला येणार होते. याद्या करायची सवय मला तेव्हाही होती. केळीची पानं, केळफूल, पुरणाला गूळ, बसायला शेजारून चांगला जमखाना, सगळं मी भल्या सकाळी उरकून ठेवलं होतं. एवढ्यात दारात गिरणीचे मालक नटेसन मुदलाळी मोपेडवरून उतरले. अंगात बनियन, खांद्यावर पंचा, कपाळावरची विभूती घामाने ओघळलेली. अण्णाला ते तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. ते तमिळमध्ये ओसरीवरूनच ओरडले, "रघू तंबी आलाय म्हणे! चल बाबा. बॉयलर वाफ धरत नाही. हौदातलं भात कालपासून पाण्यात आहे, वास सुटला. आणखी थोडा वेळ गेला तर जनावरंही खाणार नाहीत."

अण्णाच्या आधी मामा पुढे झाले. "आता तो इंजिनीअर आहे, मुदलाळी. गिरणीत येत नाही."

मुदलाळींनी मामांकडे पाहिलं, मग त्यांच्या बॅगेकडे. "मी बॅगेला विचारत नाही," ते म्हणाले. "तंबीला विचारतोय."

"आज पाहुणे येणार आहेत," अप्पा म्हणाले.

"येऊ देत की. भात थांबणार आहे का?"

अण्णा आत गेला. आम्हाला वाटलं नाही म्हणायला शब्द शोधतो आहे. तो बाहेर आला तो जुनी वेष्टी लुंगीसारखी गुडघ्यापर्यंत दुमडून, पायांत काही न घालता. "कोंडा ओला जाळत असणार," तो मुदलाळींना म्हणाला. "राख काढली होती का काल?" आणि मोपेडच्या मागे बसून गेला. आई दारात उभी राहून पाहत राहिली. अप्पा म्हणाले, "बूट तरी घालायचे होते."

गोपाळराव वेळेआधी आले. त्यांची बस गिरणीच्याच रस्त्याने येते हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पाणी प्यायले, पंख्याखाली बसले, फोटो पाहिला, पुन्हा पाहिला.

"मुलगा कुठं अहे?"

"स्नानास गेला अहे," अप्पा म्हणाले. अगदी सहज. शाळेत कधी खोटा दाखला न लिहिलेला माणूस.

"असं," गोपाळराव म्हणाले. "वाटेंत गिरणीच्या खळ्यावर एक मनुष्य पाहिला. अगदीं ह्याच तोंडाचा. बायकांवर ओरडत होता."

"एकसारखी तोंडं असतात," मामा म्हणाले. "तेकडे तर कितीतरी."

त्याच वेळी लांबून शिट्टी झाली. लांब, सरळ, मध्ये न तुटणारी. आतल्या खोलीत आईने उठून कढी उतरवली. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आणि आम्ही दोघींनी पानं मांडायला घेतली, कारण आता तो येणार हे ठरलेलं होतं.

अण्णा आला तो पुढच्याच दाराने. केसांत भाताचा कोंडा, भुवयांवर राख, छातीवर घामाचे ओघळ, आणि तोंडावर असं हसू, की मला तो एकदम पूर्वीइतका उंच वाटला. "भात वाचलं!" त्याने आईला आत हाक मारून सांगितलं. मग त्याला पाहुणे दिसले. नमस्कार करून तो उभाच राहिला. "मुदलाळी परत या म्हणतात," तो अप्पांना म्हणाला, पण गोपाळरावांनाही ऐकू जाईल असं. "मी येतों म्हणालों."

गोपाळरावांनी तिसऱ्यांदा फोटोकडे पाहिलं.

गोपाळराव घसा साफ करून म्हणाले, आणि त्यांचा आवाज मुळीच रागाचा नव्हता, हिशेबी माणसाचा होता, "मुलगा चांगला अहे. कष्टाळू अहे. पण मी पद्मास पुण्यास द्यायला आलों. हेकडे द्यायची तर मज गल्लींतच मुलं अहेत. चार लोक विचारतील जावई कुठं असतो, तर मी काय सांगूं? तुमच्या गिरणीच्या खळ्यावर असतो म्हणून?"

अण्णा अप्पांकडे पाहत होता. आजही मला तो क्षण असाच दिसतो: राखेने माखलेला माणूस बापाकडे पाहतो आहे, आणि बाप भिंतीकडे. एवढ्या एका माणसाने "राहूं दे, ये परत" म्हटलं असतं तर पुरलं असतं. अप्पा म्हणाले, "पोराची थट्टा अहे. पुण्याची नोकरी कोण सोडतो? तुम्ही पानावर बसा."

मामांनी जोरात हसून थट्टेला दुजोरा दिला. अण्णा विहिरीवर अंघोळीला गेला. पोहऱ्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग तो शर्ट-पँट घालून आला आणि गोपाळरावांच्या शेजारी जेवायला बसला. पुरणपोळी उत्तम झाली होती. गोपाळरावांनी ती पुन्हा मागून घेतली आणि जाताना मुहूर्ताचं बोलून गेले.

पद्मा माझी वहिनी झाली. एकदा कुठल्याशा समारंभात, आम्ही दोघी वांगी चिरत बसलो असताना, मी तिला तो दिवस सांगितला. ती चिरायची थांबली. "मज गिरणी चालली असती," ती म्हणाली. "आई हेकडे, बहिणी हेकडे. मज कोणी विचारलं नाहीं." मग उरलेली वांगी तिने जरा बारीकच चिरली.

मुदलाळी मात्र रिकाम्या हाताने बसणारे नव्हते. मुलगा नाही मिळाला तर बी.कॉम. झालेली मुलगी तरी द्या म्हणाले, आणि मी त्यांच्या ऑफिसात जायला लागले. हे खरं ऑफिस होतं, दार, खिडकी आणि कोंड्याची धूळ असलेलं. पुढे मी त्याची मॅनेजर झाले. लॉऱ्या माझ्या सहीने सुटतात. पण "कमला कुठे असते?" या प्रश्नाला "हेकडेच" हे उत्तर असल्यामुळे आमच्या लोकांच्या हिशेबी मी नोकरी करत नाही, घरी असते आणि अधूनमधून गिरणीत जाते. माझं लग्नही दोन रस्ते सोडून झालं, त्यामुळे तेही कुणाच्या फारसं लक्षात नाही.

अण्णा पुण्यातच निवृत्त झाला. पिवळी रेघ त्याने शेवटी ओलांडली, पण तोपर्यंत मशीन जुनं झालं होतं. शहराच्या टोकाला त्याचा फ्लॅट आहे, इतक्या टोकाला की टोकाच्या पुढचं गाव आता म्हणे जास्त महाग आहे. त्याचा मुलगा कॅनडाला गेला. परवा फोनवर मी विचारलं, "काय करतो तो तेकडे?"

"अगे, कॅनडांत अहे," अण्णा म्हणाला.

"ते कळलं. करतो काय?"

"सांगितलं की कॅनडांत अहे म्हणून." आवाज अप्पांचा. मी विषय बदलला.

गिरणीतला आताचा बॉयलरवाला ओडिशाचा आहे. खळ्यावरही बहुतेक तिकडचेच लोक आहेत. इकडचे खळ्यावर काम करणारे कोइंबतूर-तिरुप्पूरला गेले, आणि त्यांच्या घरचे त्या गावांची नावं मोठ्या आवाजात सांगतात. हा माणूस गावी शिंपी होता. स्वतःचं दुकान, हाताखाली शिकायला माणसं, लग्नसराईत लोक रांग लावत, असं त्याने मला मोडक्या तमिळमध्ये सांगितलं. इथे त्याला जास्त पैसे मिळतात आणि इथे त्याला "ए, बॉयलर" अशी हाक मारतात. मी एकदा त्याला विचारलं होतं, मग आलास कशाला? तो म्हणाला, "मॅडम, गावात सगळेच बाहेर गेले. बापाला लोक विचारायचे, तुझा का नाही गेला?"

गेल्या आठवड्यात तो ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. हात धुतलेले, केस ओले करून बसवलेले, ठेवणीतला शर्ट. घरी फोटो पाठवायचा आहे म्हणाला. बापाने मागितला आहे. मग बराच वेळ चप्पल दाराबाहेर काढत राहिला, आणि शेवटी माझ्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारलं, "एक मिनिट, मॅडम?"

या सगळ्या प्रकाराबद्दल माझं मत काय आहे ते वर पुरेसं आलं आहे. त्याला बसवून मी हे सगळं समजावून सांगणार होते. वाक्यंही क्रमाने तयार होती.

मी उठले. खुर्चीच्या पाठीवरचा कोंडा फडक्याने झटकला. तो अगदी कडेवर टेकला, तेव्हा मी म्हटलं, "असा नाही. नीट मागे बस." माझं पेन त्याच्या हातात दिलं, समोर एक फाईल उघडून ठेवली, आणि त्याचा फोन हातात घेऊन म्हटलं, "सही करतोयस असं दाखव. बापाला बरं वाटेल."